कापडी टोट, पीयू हँडबॅग, सुती पर्स: सगळं एकाच टॅरिफ कोडखाली आयात करता येतं का?

थैलीवाला

ग्वांगझूहून न्हावा शेवाला येणाऱ्या बॅगांचं वर्गीकरण बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे द्यायचं आयातीचं घोषणापत्र) भरण्याआधी पक्कं करायचं आहे. माल एकूण २,४०० नग, पाच प्रकार. पुरवठादाराने इनव्हॉइसवर सगळ्यांपुढे ‘लेडीज बॅग’ लिहून ४२०२९२ हा एकच कोड टाकलाय. प्रकार असे:

अ) कॅनव्हास टोट, ८०० नग. १०० टक्के सुती, १२ औंस, ३८ × ४२ सेंमी, गसेट (बाजूची आणि तळाची पट्टी) १० सेंमी. पट्टेही सुती. तोंड उघडं, अस्तर नाही, समोर स्क्रीन प्रिंट.

आ) झिपची खांद्याला लावायची बॅग, ५०० नग. बाहेरून कॅनव्हास, तळाला पीयूची (पॉलियुरेथेन प्लास्टिकची) पट्टी, आत पॉलिस्टर अस्तर. पुरवठादाराच्या कागदावर सूत ५५, पॉलिस्टर ४५.

इ) ‘पीयू लेदर’ हँडबॅग, ४०० नग. पीयूच्या मागे पॉलिस्टरचं विणलेलं कापड.

ई) बीच बॅग, ३०० नग. प्लास्टिकच्या पट्ट्या एकमेकींत विणून केलेली, मंडईत जुन्या पिशव्या दिसायच्या तशीच वीण.

उ) सुती कापडाची नाण्यांची पर्स, ४०० नग, ११ × ९ सेंमी, झिप.

सगळा माल ४२०२ २२ २० (सुती हँडबॅगांचा कोड) मध्ये दाखवून आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ५ टक्के भरता येईल का? दुसरा एक सल्ला आलाय की कापडी वस्तू आहे तर ६३०७ मध्ये टाका. आणि अधिकाऱ्याने कोड मान्य केला नाही तर माल सीएफएसमध्ये (बंदराच्या कंटेनर यार्डात) अडकू नये यासाठी आधीच काय तयार ठेवावं?

---

नियम_सहा

एकच कोड चालणार नाही. या पाच प्रकारांचे चार-पाच कोड होतात आणि ‘ई’ प्रकार तर बहुधा टॅरिफच्या प्रकरण ४२ च्या, म्हणजे ४२०२ ज्यात येतो त्याच्या, बाहेरच जाईल.

आधी ६३०७ चा विषय संपवू. प्रकरण ६३ हे टॅरिफच्या विभाग ११ मध्ये येतं आणि त्या विभागाची पहिली टीप ४२०२ च्या कापडी वस्तू स्पष्ट शब्दांत बाहेर काढते, खंड ‘एल’ बघा. म्हणजे वस्तू ४२०२ मध्ये बसली की ती कापडाची आहे म्हणून ६३०७ किंवा ६३०५ कडे वळताच येत नाही. ६३०७ चा गोंधळ होतो तो बुटांच्या आणि धुण्याच्या कपड्यांच्या कापडी पिशव्यांमुळे. एचएसएनच्या (टॅरिफ जिच्यावर आधारलेलं आहे त्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीच्या) स्पष्टीकरण टिपांमध्ये त्या ६३०७ खाली नावानिशी दिल्या आहेत. हँडबॅग त्यात नाही. ६३०५ हे माल भरायच्या पोत्यांसाठी आणि पिशव्यांसाठी आहे, त्याचाही इथे संबंध नाही.

आता ४२०२ च्या आत. तिथे प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारावे लागतात, क्रम चुकला की कोड चुकतो. पहिला प्रश्न: वस्तू कशासाठी आहे? प्रवासाची पेटी किंवा ब्रीफकेस, हँडबॅग, खिशात वा हँडबॅगेत ठेवायची वस्तू, की इतर? दुसरा प्रश्न: बाहेरचा पृष्ठभाग कशाचा आहे? चामडं, प्लास्टिकची शीट वा कापड, की आणखी काही? इथे सहा अंक ठरतात. त्यानंतरच आठ अंकांकडे जायचं. जीआयआरचा (टॅरिफ वाचायच्या सामान्य नियमांमधला) नियम ६ हेच सांगतो, तुलना एकाच पातळीवरच्या नोंदींची. ‘सूत’ हा शब्द वाचून थेट २२ २० वर उडी मारता येत नाही.

४२०२ २२ म्हणजे प्लास्टिक शीटच्या किंवा कापडी पृष्ठभागाच्या हँडबॅगा. त्याखाली आपल्या टॅरिफमध्ये २२ १० कृत्रिम प्लास्टिकच्या हँडबॅगा व शॉपिंग बॅगा, २२ २० सुती, २२ ३० ज्यूटच्या, २२ ४० व्हॅनिटी बॅगा, २२ ९० इतर.

इथे एक खास भारतीय गाठ आहे. अनेक देशांत उघड्या तोंडाची शॉपिंग टोट ४२०२ ९२ मध्ये, म्हणजे ‘इतर’मध्ये जाते. तुमच्या पुरवठादाराने ४२०२९२ लिहिलं ते बहुधा त्यामुळेच. आपल्या आठ अंकी नोंदीत मात्र ‘हँडबॅगा आणि शॉपिंग बॅगा’ असे शब्द आहेत, म्हणून सुती टोट इथे ४२०२ २२ २० मध्ये येते. पुरवठादाराचा कोड आपल्याला बांधील नाही, पण तो कागदावर दिसतो आणि अधिकाऱ्याची क्वेरी तिथूनच सुरू होते. इनव्हॉइस दुरुस्त करून घ्या, नाहीतर फरक का आहे ते दोन ओळींत लिहून ई-संचितवर (कस्टम्सच्या कागदपत्रांच्या पोर्टलवर) चढवा.

तुमचे प्रकार एकेक करून:

अ – ४२०२ २२ २०. सरळ केस.

इ – ४२०२ २२ १०. मागे पॉलिस्टर असलं तरी नुसत्या डोळ्यांना बाहेरून दिसतं ते प्लास्टिक. इनव्हॉइसवरचा ‘पीयू लेदर’ हा शब्द काढून टाका, त्रास तिथूनच होतो. प्रकरण ४१ च्या टीप ३ प्रमाणे ‘कंपोझिशन लेदर’ म्हणजे चामड्याच्या किंवा चामड्याच्या तंतूंच्या आधारावर केलेला ४११५ चा पदार्थच. पीयूमध्ये चामडं नसतंच. ‘पॉलियुरेथेन लेपित विणलेलं पॉलिस्टर कापड’ असं लिहा. ‘व्हीगन लेदर’ हा शब्द तर टाळाच.

ई – पट्टीची रुंदी मोजल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ५ मिमीपेक्षा रुंद प्लास्टिकची पट्टी प्रकरण ३९ ची. ती एकमेकींत गुंफली की ते प्रकरण ४६ चं गुंफणकाम होतं आणि बॅग ४६०२ मध्ये जाते. प्रकरण ४२ ची टीप ३ अशा वस्तू ४२०२ मधून वगळते. ५ मिमी किंवा त्याहून अरुंद पट्टी मात्र प्रकरण ५४ ची, म्हणजे कायद्याने कापड, आणि मग बॅग ४२०२ २२ ९० मध्ये. रुंदी ‘दिसते तशी’ मोजायची, म्हणजे दुमडलेली किंवा पिळलेली पट्टी त्याच अवस्थेत. पट्टीऐवजी गोल दोरा असेल तर निकष १ मिमी जाडीचा.

उ – ४२०२ ३२. खिशात किंवा हँडबॅगेत ठेवायच्या वस्तूंचा हा गट: पाकिटं, पर्सेस, चष्म्याची आणि किल्ल्यांची केसेस. कापड १०० टक्के सुती असलं तरी ती २२ २० मध्ये येत नाही, कारण पहिल्याच प्रश्नावर वाट वेगळी झाली.

आयजीएसटीचा सापळा नेमका इथे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के दर आहे तो ४२०२ २२ २० च्या सुती आणि ४२०२ २२ ३० च्या ज्यूटच्या हँडबॅगा व शॉपिंग बॅगांना. त्याआधी तो १२ होता. सुती पर्सला ५ टक्के लागत नाही, तिला १८. हस्तकलेच्या बॅगा आणि पर्सेस यांनाही ५ टक्के आहे, पण त्यासाठी वस्तू मुख्यतः हातानं केलेली हवी, तिच्यावर भरीव शोभाकाम हवं आणि यंत्राच्या मालापेक्षा ती उघडच वेगळी दिसायला हवी. मशीनवर शिवून स्क्रीन प्रिंट मारलेल्या मालावर तो दावा करू नका.

‘आ’बद्दल आधी सांगा: ५५:४५ हा आकडा नुसत्या बाहेरच्या कापडाचा की पूर्ण बॅगेचा?

---

कापडतपास

नियम_सहा यांचा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. पुरवठादार बहुतेकदा सगळं कापड मिळून आकडा देतात, अस्तर धरून. त्यावरून बाहेरच्या पृष्ठभागाबद्दल काहीच कळत नाही. त्यांच्याकडून तीन गोष्टी लेखी मागवा: बाहेरच्या कापडातलं वजनी प्रमाण आणि जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), अस्तराचं तेच, आणि एका बॅगेत प्रत्येक कापड किती ग्रॅम लागतं.

‘अ’ प्रकारासाठी एक पडताळणी घरीच करून घ्या, तपासणीला अधिकारी वजनकाटा लावतोच. १२ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०७ ग्रॅम. तुमच्या मापाला समोर-मागच्या दोन तुकड्यांचं क्षेत्रफळ ०.३२ चौरस मीटर, गसेटची पट्टी १० × १२२ सेंमी म्हणजे ०.१२. एकूण ०.४४, म्हणजे सुमारे १८० ग्रॅम कापड. शिलाईची दुमड आणि पट्टे धरून नग २१० ते २२० ग्रॅमला यायला हवा. पॅकिंग लिस्टवर ८०० नगांचं निव्वळ वजन ११० किलो लिहिलं असेल तर नग १३७ ग्रॅमचा झाला आणि ‘१२ औंस’ खोटं ठरलं. एक तपशील खोटा निघाला की बाकीच्या घोषणेवरही कोणी विश्वास ठेवत नाही. हे टाळणं अगदी सोपं आहे.

प्रिंटबद्दल: समोरचं स्क्रीन प्रिंट प्लास्टिसोलचं (प्लास्टिकच्या शाईचं) असलं तरी नक्षीपुरता छाप मारल्याने सुती पृष्ठभाग प्लास्टिकचा होत नाही. पण पूर्ण कॅनव्हासवर पाणी न शिरण्यासाठी लेप दिला असेल आणि तो डोळ्यांना दिसत असेल, चकाकी किंवा भरलेली वीण दिसत असेल, तर पृष्ठभाग प्लास्टिकचा धरला जाऊ शकतो. लेप आतल्या बाजूने असेल तर प्रश्न येत नाही. ज्यूटच्या बॅगांनाही हेच लागू: आतून पॉलिथिनचं लॅमिनेशन असतं, बाहेर ज्यूट दिसतो, बॅग ज्यूटचीच.

कॅनव्हासवर मेण चढवलंय की सिलिकॉनचं फिनिश आहे, तेही विचारून ठेवा. असं फिनिश दिसत नसेल तर वर्गीकरण बदलत नाही, पण प्रयोगशाळेच्या अहवालात ‘प्रक्रिया केलेलं कापड’ असा शब्द आला की अधिकाऱ्याकडून प्रश्न येतोच.

---

थैलीवाला

दोघांचेही आभार. पुरवठादाराकडून आकडे आले.

‘आ’: बाहेरचा कॅनव्हास नगाला २४० ग्रॅम, त्यात सूत ७२, पॉलिस्टर २८. अस्तर ७५ ग्रॅम, पूर्ण पॉलिस्टर. ५५:४५ हा पूर्ण बॅगेचा आकडा होता. पीयूची पट्टी फक्त तळाला आणि खालच्या ४ सेंमीवर.

‘ई’: पट्टी कॅलिपरने मोजून घेतली, ७ मिमी.

‘अ’: नमुन्याचं वजन २१४ ग्रॅम, लेप नाही.

मग ‘आ’ सुतीत टाकावी की ‘इतर’मध्ये?

---

उरणकर

माझं मत स्पष्ट सांगतो. ‘आ’ ४२०२ २२ ९० मध्ये टाका, १८ टक्के भरा आणि माल सोडवा. ५०० नगांसाठी वाद घालण्यात अर्थ नाही. आयजीएसटीचं क्रेडिट (विक्रीच्या जीएसटीतून वजावट) मिळतंच. बेसिक कस्टम ड्युटी १५ टक्के आणि त्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज, हे २२ २० लाही आहे आणि २२ ९० लाही. फरक फक्त आयजीएसटीचा.

हिशेब लिहून ठेवा. निर्धारण मूल्य (ज्यावर ड्युटी लागते ते) ४ लाख धरलं तर ड्युटी ६०,०००, सरचार्ज ६,०००, बेरीज ४,६६,०००. त्यावर ५ टक्के आयजीएसटी २३,३००, १८ टक्के झाला तर ८३,८८०. फरक ६०,५८०. अस्सल सुती टोटवर हा फरक हक्काचा आहे, तो सोडू नका. मिश्र कापडाच्या बॅगेवर मात्र डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं), नमुना, तपासणी या सगळ्यात तेवढे पैसे कधी जातात ते कळत नाही. बिल ऑफ एन्ट्री उशिरा भरलं तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० दंड, तो वेगळाच. म्हणून आधी कोड ठरवा, जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत बिल भरून टाका.

मूल्य काढताना भाडं आणि विमा विसरू नका. विम्याचा आकडा नसेल तर एफओबीच्या (जहाजावर चढवेपर्यंतच्या किमतीच्या) १.१२५ टक्के धरला जातो, भाडं माहीत नसेल तर एफओबीच्या २० टक्के. एलसीएलचं (इतरांसोबत वाटून घेतलेल्या कंटेनरचं) खरं भाडं यापेक्षा कमी असेल तर फ्रेट सर्टिफिकेट मागवून ठेवा, फायदा होतो.

अजून एक: ४२०२ चं एकक नग आहे. पुरवठादार डझनात किंवा किलोत इनव्हॉइस करतात आणि तसंच उतरवलं तर दुरुस्तीला दोन दिवस जातात.

---

नियम_सहा

उरणकर, हिशेब बरोबर, पण ‘क्रेडिट मिळतंच, १८ भरून टाका’ याच्याशी मी सहमत नाही. कारणं दोन.

एक, आयातीला जो कोड लावला तोच पुढे जीएसटीच्या विक्री बिलावर यायला हवा. आयातीला २२ ९० आणि दुकानात विकताना २२ २० असं केलं तर दोन्ही कागद एकमेकांविरुद्ध उभे राहतात. आयातीत १८ भरलं की विक्रीलाही १८. ग्राहकाला पडणारी किंमत त्यावर ठरते, क्रेडिटने ती भरून निघत नाही.

दुसरं, ‘आत्ता भरू, नंतर परतावा मागू’ ही वाटही सोपी नाही. आयटीसी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं की आयातदाराने स्वतः केलेलं निर्धारणही आदेशच आहे. ते अपिलात किंवा दुरुस्तीने बदलून घेतल्याशिवाय परताव्याचा अर्ज चालत नाही. म्हणजे स्वतःच्याच बिल ऑफ एन्ट्रीविरुद्ध सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२८ खाली ६० दिवसांत अपील.

आता मूळ प्रश्न. २२ २० मध्ये ‘सुती’ एवढाच शब्द आहे, बाहेरचं की पूर्ण हे लिहिलेलं नाही. वाद उभा राहतो तो यामुळे. माझं वाचन असं: ही नोंद ४२०२ २२ च्या पोटात आहे आणि तिथला निकष बाहेरचा पृष्ठभाग आहे. पोटनोंद वरच्या नोंदीपासून तोडून वाचता येत नाही. म्हणून ‘सुती’ हेही बाहेरच्या पृष्ठभागाबद्दलच. त्या हिशेबाने ७२ टक्के सूत असलेला कॅनव्हास, पीयूची पट्टी थोड्या भागावर, तिने बॅगेचं मूळ स्वरूप बदलत नाही. जीआयआरचा नियम ३(ख), म्हणजे मूळ स्वरूप ज्यामुळे येतं त्यावरून वर्ग ठरवणारा, लावला तरी उत्तर सुती.

मिश्र कापडात वजनाने जास्त तो तंतू, हा नियम विभाग ११ चा आहे. प्रकरण ४२ त्या विभागात नाही, त्यामुळे तो इथे थेट लागत नाही, आधार म्हणून मांडता येतो. सुदैवाने तुमच्या बाबतीत दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं: बाहेरच्या कापडात ७२ टक्के, पूर्ण बॅगेत ५५ टक्के, दोन्हीकडे सूत जास्त. केस खरी अडली असती ती अस्तर जाड असतं आणि पूर्ण बॅगेत पॉलिस्टर वरचढ झालं असतं तर.

म्हणून ‘आ’सुद्धा ४२०२ २२ २० मध्ये भरा, पण उघडपणे. वर्णनात लिहा: ‘हँडबॅग, बाहेरचा पृष्ठभाग विणलेला कॅनव्हास, ७२ टक्के सूत २८ टक्के पॉलिस्टर, तळाला पीयूची पट्टी, पॉलिस्टर अस्तर’. सगळं सांगून केलेला दावा चुकीचा ठरला तर फरकाची ड्युटी आणि व्याज भरावं लागेल, मागणीची मुदत दोन वर्षांची. ‘१०० टक्के सुती’ असं लिहून तो चुकीचा ठरला तर दडपून ठेवल्याचा आरोप येतो, मुदत पाच वर्षांची होते, कलम १११(एम) खाली जप्ती आणि वर दंड. हा फरक नुसत्या वर्णनाच्या ओळीवर ठरतो.

‘ई’: ७ मिमी म्हणजे प्रकरण ४६, ४६०२. ४२०२ मध्ये अजिबात टाकू नका. नमुन्याच्या पट्टीचा कॅलिपरसकट फोटो चढवा.

---

उरणकर

विक्री बिलाचा मुद्दा मान्य. मग निदान अडकलं तर काय करायचं ते मी सांगतो.

फेसलेस व्यवस्थेत बिल न्हावा शेवाला भरलं तरी ते तपासणारा अधिकारी दुसऱ्या शहरात बसलेला असू शकतो. त्याच्यासमोर बॅग नसते, फक्त कागद असतात. त्यामुळे प्रत्येक प्रकाराचे चार फोटो हवेत: समोरून, आतून, तळ आणि शिवणीजवळ कापडाचा जवळून. सोबत पुरवठादाराच्या शिक्क्यानिशी साहित्याची यादी, ग्रॅमसकट. क्वेरी येऊन मग कागद शोधायला लागलात तर प्रत्येक फेरीला दिवस जातात.

बिल पाच वेगवेगळ्या आयटममध्ये तोडा, पॅकिंग लिस्टवर कार्टनचे नंबरही प्रकारवार लिहून घ्या. एका कार्टनमध्ये तीन प्रकार मिसळलेले असले तर तपासणीला सगळी कार्टन फोडावी लागतात.

मतभेद झालाच तर कलम १८ खाली तात्पुरतं निर्धारण मागा. बाँड आणि सुरक्षा हमी देऊन माल बाहेर, नमुना प्रयोगशाळेत. फक्त वादग्रस्त आयटमपुरतं मागा, पूर्ण बिलासाठी नाही. अधिकाऱ्याने कोड बदललाच आणि तुम्हाला मान्य नसेल तर तसं लेखी कळवा. कलम १७(५) प्रमाणे पुनर्निर्धारणापासून १५ दिवसांत कारणांसहित आदेश मिळायला हवा. ‘मान्य’ असं लिहून दिलंत की तो हक्क गेला. घाईत बरेच जण तेच लिहून देतात.

---

कापडतपास

नमुना गेला तर टेस्ट मेमोमध्ये (प्रयोगशाळेला पाठवायच्या तपासणी-पत्रात) काय विचारलंय ते वाचा. नुसतं ‘संरचना तपासा’ असं लिहिलं तर अस्तर, पट्टे, सगळं एकत्र करून आकडा येऊ शकतो आणि तुमचं ७२ पुन्हा ५५ होतं. मेमोत वेगवेगळे प्रश्न हवेत: बाहेरच्या कापडातलं तंतूंचं वजनी प्रमाण; कापड विणलेलं, निटेड की नॉनवोव्हन; बाहेरच्या बाजूला लेप आहे का आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसतो का; अस्तराचं प्रमाण स्वतंत्र. नमुना काढताना तुमचा कस्टम्स ब्रोकर हजर असतो, त्याने हे प्रश्न लेखी द्यावेत. दुसरा सीलबंद नमुना जपून ठेवला जाईल याची खात्री करा, फेरतपासणीला तोच लागतो.

सूत-पॉलिस्टरची तपासणी सोपी आहे. ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात सूत विरघळतं, पॉलिस्टर उरतं, ते वाळवून वजन करतात. पण त्याआधी कांजी आणि फिनिश काढून टाकावं लागतं. ते नीट निघालं नाही तर टक्केवारी सरकते. जाड कॅनव्हासला कांजी जास्त असते, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. माल निघण्याआधी बाहेरच्या कापडाचा एक तुकडा मागवून प्रभादेवीच्या टेक्सटाइल कमिटीच्या प्रयोगशाळेत तपासून घेतलात तर बिल भरताना हातात स्वतंत्र अहवाल असेल. कापड ७२ ऐवजी ४८ निघालं तरी ते तुम्हाला आधीच कळेल, यातच खरा फायदा.

---

थैलीवाला

‘आ’चं कापड तपासायला पाठवतो. शेवटचे दोन प्रश्न. हाच माल वर्षातून चार वेळा आणायचा विचार आहे, दर वेळी हा वाद नको. आणि ‘अ’ टोटमध्ये ‘उ’ पर्स ठेवून जोडी म्हणून आणली तर पर्सलाही ५ टक्के लागेल का?

---

नियम_सहा

वारंवार येणारा माल असेल तर अग्रिम निर्णय (आयातीआधीच कोड ठरवून देणारा) घ्या. मुंबईत सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरण आहे. सीएएआर-१ नमुन्यात अर्ज, शुल्क १०,००० रुपये, निर्णयाची मुदत तीन महिने, आणि मिळालेला निर्णय ठरलेल्या मुदतीपर्यंत लागू, मधे कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर. तो तुमच्यावर आणि तुमच्या आयातीपुरता विभागावर बंधनकारक असतो. मात्र तोच प्रश्न तुमच्याच प्रकरणात आधीपासून अधिकाऱ्यापुढे प्रलंबित असेल तर अर्ज घेतला जात नाही. म्हणजे वाद सुरू होण्याआधी अर्ज करायचा, क्वेरी आल्यावर नाही. अर्जात फक्त ‘आ’ टाका. ‘अ’ आणि ‘इ’ला त्याची गरज नाही. पुढे पुरवठादाराने कापडाचं प्रमाण बदललं तर तो निर्णय त्या मालाला लागणार नाही, हे खरेदी ऑर्डरमध्येच लिहून ठेवा.

जोडीबद्दल: होऊ शकतं, पण अटी आहेत. टोट आणि पर्स मिळून किरकोळ विक्रीचा संच हवा, एकाच पॅकिंगमध्ये, पुन्हा न बांधता थेट ग्राहकाला देता येईल असा, एकाच गरजेसाठी. मग नियम ३(ख) प्रमाणे मूळ स्वरूप टोटचं आणि पूर्ण संच ४२०२ २२ २० मध्ये. पर्स टोटच्या आतल्या हुकाला अडकवलेली असेल, कापड-प्रिंट एकच असेल, एकच बारकोड असेल तर हे टिकतं. पण ८०० टोट आणि ४०० पर्स वेगळ्या कार्टनमध्ये आणून कागदावर संच दाखवला तर नाही टिकत. आणि इथे आल्यावर पर्स सुटी विकली तर विक्रीचं बिल १८ टक्क्यांनीच करावं लागेल.

---

उरणकर

संच करणार असाल तर लेबलही संचाचंच हवं. किरकोळ विक्रीच्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वस्तूचं नाव, संख्या, आयातीचा महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापलेला लागतो. ‘१ नग’ लिहिलं आणि आत टोट-पर्स दोन्ही निघाल्या तर तपासणीला तोच प्रश्न येईल: ‘१ टोट + १ पर्स’ असंच छापून घ्या. लेबलं ग्वांगझूलाच लावून आणा, बाँडेड गोदामात लावायची वेळ आली तर ८०० नगांना मजुरी आणि भाडं दोन्ही पडतं.